पाणी रानात, सरासरी मंडळाची : पीक विम्याचे नियम कसे बदलत गेले?

पेट, नेट झाल्यावर किंवा त्याची तयारी करताना बरेच जण एक प्रश्न विचारतात : "संशोधनाचा विषय कसा सुचतो?" माझ्या बाबतीत तो सुचला नाही, घरात आला.

२०१७ च्या खरिपात मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. कळंब तालुक्यात आमची चार एकर सोयाबीन ओढ्याकाठी होती. काढणीला आठ-दहा दिवस असताना ओढा फुटला आणि तीन दिवस रानात पाणी उभं राहिलं. हप्ता बँकेने कर्जातूनच कापला होता, म्हणजे विमा होता. बाबा निवांत होते. पण भरपाई शून्य. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, "तुमच्या महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन उंबरठ्याच्या वर आहे." घरी येऊन बाबा एवढंच म्हणाले, "पाणी माझ्या रानात, अन् सरासरी मंडळाची?"

त्या वेळी मला वाटलं की ही फसवणूक आहे. पुढे एमएस्सीला संख्याशास्त्र शिकले, पीक कापणी प्रयोगांवर पीएचडी सुरू केली आणि कळलं की उत्तर देणारा माणूस खोटं बोलत नव्हता. नियम तसाच होता. आणि तो नियम असा का झाला, याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. आज तोच इतिहास सांगते. वाचताना एक गोष्ट धरून ठेवा : पीक विम्याचा प्रत्येक नियम हा आधीच्या एखाद्या अडचणीचं उत्तर असतो, आणि प्रत्येक उत्तरातून एक नवी अडचण निघते.

१९२० : पीक नको, पाऊस मोजा

भारतात पीक विम्याची पहिली सविस्तर योजना कुठल्या सरकारी समितीने नाही, तर म्हैसूर संस्थानातल्या जे. एस. चक्रवर्ती या अधिकाऱ्याने मांडली. त्यांचं पुस्तक १९२० साली आलं. त्यांचा मुद्दा साधा होता. शेतकऱ्याच्या प्रत्येक वावरात जाऊन नुकसान मोजणं अशक्य आहे, पण पाऊस मोजता येतो. पर्जन्यमापकावर कुणाचाही दबाव चालत नाही. मग एखाद्या भागात पाऊस ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी पडला, की त्या भागातल्या विमाधारकांना पैसे द्यायचे.

ही कल्पना तेव्हा अमलात आली नाही. पण लक्षात घ्या, २००३ साली आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) महबूबनगर जिल्ह्यात एका खाजगी विमा कंपनीने भुईमूग आणि एरंडीसाठी पावसावर आधारलेला विमा प्रयोग म्हणून विकला, तेव्हा तो नवा शोध म्हणून गाजला. २००७ मध्ये सरकारनेही हवामान आधारित विमा सुरू केला. आज महाराष्ट्रात डाळिंब, आंबा, केळी, संत्रा अशा फळपिकांचा विमा याच तत्त्वावर चालतो. संशोधनाला बसताना "हे कुणीच केलेलं नाही" असं लिहिण्याआधी जुनी पुस्तकं उघडा. बऱ्याचदा ते शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं.

१९४७ ते १९७१ : फायलींची वर्षं

स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्र सरकारने जी. एस. प्रियोळकर यांना पीक आणि जनावरांच्या विम्याचा अभ्यास करायला नेमलं. १९४७-४८ मध्ये त्यांनी योजनांचे आराखडे दिले. ते राज्यांकडे गेले आणि पैसे नाहीत म्हणून राज्यांनी नाकारले. १९६५ मध्ये केंद्राने विधेयकाचा मसुदा आणि नमुना योजना पुन्हा पाठवली. पुन्हा तेच. शेवटी १९७० मध्ये धर्म नारायण यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली. निष्कर्ष असा निघाला की नजीकच्या काळात प्रायोगिक पातळीवरसुद्धा पीक विमा आणणं योग्य नाही.

या "नको"मागे खरी कारणं होती. विमाशास्त्रात दोन भीती असतात. पहिली, ज्याचं रान हमखास बुडतं तोच विमा घेईल, बाकीचे घेणार नाहीत. दुसरी, विमा आहे म्हटल्यावर शेतकरी खुरपणी-फवारणीत हात आखडता घेईल. शिवाय प्रत्येक शेतकऱ्याचं मागच्या दहा वर्षांचं उत्पादन कुठल्याही कागदावर नव्हतं. सातबाऱ्यावर पीक असतं, पोती नसतात. मग हप्ता ठरवणार कशावर?

१९७२ : एकेका वावराचा विमा

समितीने नको म्हटलं तरी प्रयोग झालाच. १९७२-७३ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या सर्वसाधारण विमा विभागाने गुजरातमध्ये एच-४ या संकरित कपाशीसाठी विमा सुरू केला. पुढे ते काम सर्वसाधारण विमा महामंडळाकडे, म्हणजे जीआयसीकडे गेलं. महाराष्ट्रासह आणखी काही राज्यं आणि भुईमूग, गहू, बटाटा ही पिकं त्यात आली. हा विमा वैयक्तिक होता : तुमच्या वावरात नुकसान, तुम्हाला भरपाई. म्हणजे माझ्या बाबांना हवा होता तसाच.

निकाल काय लागला? १९७८-७९ पर्यंत एकूण ३,११० शेतकरी, जमा झालेला हप्ता ४.५४ लाख रुपये आणि दिलेली भरपाई ३७.८८ लाख रुपये. हप्त्याच्या आठ पटींहून जास्त. आणि तेही फक्त तीन हजार शेतकऱ्यांसाठी! प्रत्येक वावर तपासायला माणूस पाठवायचा खर्च वेगळाच. वैयक्तिक विमा चालत नाही, असा धडा सगळ्यांनी घेतला.

दांडेकरांचा मार्ग

इथे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्रा. वि. म. दांडेकर येतात. नीलकंठ रथ यांच्यासोबत केलेल्या दारिद्र्याच्या अभ्यासामुळे ते सगळ्यांना माहीत आहेत. १९७६ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये त्यांनी भारतातल्या पीक विम्यावर लेख लिहिला. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो नक्की मिळेल, काढून वाचाच. अर्थशास्त्राचे नसाल तरी.

दांडेकरांनी तज्ज्ञ समितीची कारणं खोडली नाहीत, प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने मांडला. वावराचा नको, क्षेत्राचा विमा करा, असं ते म्हणाले. साधारण सारखी माती, सारखा पाऊस, सारखी पिकं असलेला भाग घ्या. त्या भागाचं सरासरी उत्पादन नेहमीपेक्षा घटलं, की तिथल्या सगळ्या विमाधारकांना एकाच प्रमाणात भरपाई द्या. एका शेतकऱ्याने खुरपणी टाळली म्हणून पूर्ण भागाची सरासरी हलत नाही, म्हणून दुसरी भीती गेली. वैयक्तिक नोंदी लागत नाहीत, भागाची सरासरी सरकारकडे असतेच. आणि विमा पीक कर्जाला जोडला, की पहिली भीतीही कमी होते, कारण बुडणारा आणि न बुडणारा दोघेही आत येतात.

अमेरिकेत हॅरॉल्ड हॅलक्रो यांनी १९४९ मध्ये अशीच क्षेत्राधारित कल्पना मांडली होती. पण ती छोट्या जमिनींच्या, नोंदी नसलेल्या आपल्या शेतीला कशी बसेल, हे दांडेकरांनी दाखवलं. त्यावरच १९७९ मध्ये जीआयसीची प्रायोगिक योजना आली. १९८५ पर्यंत ती १३ राज्यांत पोहोचली, सव्वासहा लाखांवर शेतकरी सामील झाले. हप्ता सुमारे १९७ लाख, भरपाई सुमारे १५७ लाख. आधीच्या प्रयोगाशी तुलना करा म्हणजे या कल्पनेचं वजन कळेल.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला याच लेखात मिळालं. "सरासरी मंडळाची" हे कंपनीने काढलेलं कारण नव्हतं. छोट्या शेतकऱ्याचा विमा शक्य व्हावा म्हणून एका मराठी अर्थतज्ज्ञाने प्रामाणिकपणे शोधलेला तो मार्ग होता. त्याची किंमत मात्र ओढ्याकाठच्या चार एकराने मोजली. विम्याच्या भाषेत याला आधारजोखीम म्हणता येईल : ज्या आधारावर भरपाई ठरते तो आधार आणि तुमचं प्रत्यक्ष नुकसान, यांतलं अंतर.

पण सरासरी मोजणार कोण?

क्षेत्राचा विमा म्हटल्यावर सगळा भार एका आकड्यावर येतो : यंदाचं सरासरी उत्पादन. तो आकडा येतो पीक कापणी प्रयोगातून. मंडळातली काही गावं, गावातले काही गट, गटातला एक कोपरा हे सगळं यादृच्छिक पद्धतीने निवडायचं, ठरलेल्या मापाचा आयत, समजा १० बाय ५ मीटर, आखायचा, त्यातलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक हे काम करतात.

या साध्या दिसणाऱ्या कामावर १९४० च्या दशकात मोठा वाद झाला होता. बिहार-ओरिसात जे. ए. हबक यांनी १९२० च्या दशकात अगदी छोट्या तुकड्यांत भातकापणीचे प्रयोग केले होते. कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ती दिशा बंगालमध्ये पुढे नेली. त्यांचं म्हणणं, तुकडे छोटे पण भरपूर घ्या. दुसरीकडे पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे म्हणत होते, छोटा तुकडा फसवतो. का? तुकड्याच्या कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की माणसाचा हात नकळत ते आत ओढतो. मोठ्या आयतात याचा फरक नगण्य, पण छोट्या वर्तुळात कडच जास्त असते, त्यामुळे उत्पादन फुगून दिसतं. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये यावर टिपण लिहिलं. पुढे देशभर मोठ्या आयताची पद्धत रूढ झाली.

योगायोग बघा, सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे आणि दांडेकरही साताऱ्याचे. एकाने मोजायचं कसं ते ठरवलं, दुसऱ्याने त्या मापावर विमा उभा केला.

आणि वाद संपला असं समजू नका. पीक विम्यात कड फुगली तर आकडा वाढतो आणि भरपाई बुडते. उलट, गावकऱ्यांच्या दबावाखाली खराब कोपरा निवडला तर आकडा घटतो आणि कंपनी आक्षेप घेते. त्या ५० चौरस मीटरवर आता दोन्ही बाजूंची नजर असते. सुखात्म्यांच्या काळात ती नव्हती. तेव्हा प्रयोग फक्त आकडेवारीसाठी होता, आता त्यावर पैसे ठरतात. माप पैशाला जोडलं की मापणारा बदलतो. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण यावरच आहे.

१९८५ आणि १९९९

१९८५ च्या खरिपात सर्वंकष पीक विमा योजना आली. पीक कर्ज घेणाऱ्याला विमा सक्तीचा. हप्ता तृणधान्याला २ टक्के, कडधान्य-तेलबियांना १ टक्का. एवढ्या हप्त्यात खर्च भागणं शक्यच नव्हतं. १९९९ पर्यंत हप्ता जमा झाला साधारण ४०० कोटी, भरपाई गेली साधारण २,३०० कोटी, आणि तिचा मोठा वाटा गुजरातच्या भुईमुगाला गेला. वरची तूट केंद्र आणि राज्यांनी २:१ प्रमाणात भरली.

१९९९-२००० च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना सुरू झाली. यात बिगरकर्जदार शेतकऱ्यालाही दार उघडलं. खरिपात बाजरी आणि तेलबियांना ३.५ टक्के, इतर पिकांना २.५ टक्के, गव्हाला १.५ टक्के असे दर होते. २००२ च्या डिसेंबरात यासाठी भारतीय कृषी विमा कंपनी स्थापन झाली. पण भरपाईचा पैसा हंगाम संपल्यावर सरकारकडून यायचा, त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात तो पुढच्या पेरणीनंतर पडायचा. ही अडचण सोडवायला सरकारने आधीच हप्त्यात अनुदान देऊन टाकावं आणि जोखीम कंपनीने घ्यावी, ही कल्पना २०१० च्या सुधारित योजनेत आली. २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेचा पाया तोच आहे.

एक सूत्र, तीन निकाल

आता जरा वही घ्या. उंबरठा उत्पादन म्हणजे मागच्या काही वर्षांची सरासरी गुणिले जोखीमस्तर. यंदाचं उत्पादन उंबरठ्याखाली गेलं, तर जितके टक्के खाली तितके टक्के विमा संरक्षित रक्कम मिळते.

समजा, एका मंडळात सोयाबीनचं मागच्या सात वर्षांचं हेक्टरी उत्पादन क्रमाने असं आहे (किलोत) : १५००, ९००, १४००, १६००, ७००, १३००, १२००. यंदा आलं ७८४. संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरू.

पहिली रीत, सध्याची : सातपैकी उत्तम पाच वर्षं. सरासरी १४००. जोखीमस्तर ७० टक्के, म्हणून उंबरठा ९८०. घट १९६, म्हणजे २० टक्के. भरपाई १०,००० रुपये.

दुसरी रीत : सातही वर्षांची सरासरी घेतली तर ती येते सुमारे १२२९, उंबरठा ८६०. घट ७६, म्हणजे ९ टक्क्यांच्या आत. भरपाई साधारण ४,४०० रुपये.

तिसरी रीत, १९९९ च्या योजनेची : भात-गहू सोडून इतर पिकांना शेवटची पाच वर्षं. सरासरी १२४०. त्या योजनेतला सर्वात खालचा जोखीमस्तर ६० टक्के लावला तर उंबरठा ७४४. यंदाचे ७८४ त्याच्या वर, म्हणून भरपाई शून्य.

तेच रान, तोच पाऊस, तेच वजन. बदलली फक्त सरासरीची व्याख्या. दुष्काळाची दोन वर्षं सरासरीत धरायची की नाही, हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण मराठवाड्यात जिथे दर दोन-तीन वर्षांनी एक हंगाम हातचा जातो, तिथे तोच सगळ्यात मोठा प्रश्न आहे. आणखी एक बघा : पहिल्या रीतीतही यंदा १००० किलो आले असते, म्हणजे सरासरीपेक्षा जवळजवळ २९ टक्के कमी, तरी हाती काही आलं नसतं.

आता संख्याशास्त्र. मंडळात प्रयोग किती? साधारण १०. शेताशेतांतल्या उत्पादनाचं प्रमाण विचलन समजा ३०० किलो असेल, तर १० प्रयोगांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी सुमारे ९५ किलो. वरच्या उदाहरणात घटच १९६ किलोची होती! मग विम्याचं एकक लहान करून गावावर आणलं तर? शेतकऱ्याला ते हवंच असतं. पण गावात प्रयोग होतात ४, आणि त्रुटी जाते १५० किलोवर. एकक मोठं ठेवलं तर आधारजोखीम वाढते, लहान केलं तर मापनाची त्रुटी वाढते. दोन्ही कमी करायचं तर प्रयोग वाढवावे लागतात, आणि तेवढी माणसं नाहीत. म्हणूनच २०२३ पासून केंद्राने आधी भात-गव्हाला आणि मग सोयाबीनला, उत्पादनाच्या आकड्यात किमान ३० टक्के वजन उपग्रह आणि पीक प्रारूपांना द्यायला सुरुवात केली.

२०१६ ते २०२५ : वैयक्तिक विमा आत आला, बाहेर गेला

२०१६ च्या योजनेने शेतकऱ्याचा हिस्सा ठरवून दिला : खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के, नगदी आणि फळपिकांना ५ टक्के. उरलेला हप्ता केंद्र-राज्याचा. आणि क्षेत्राच्या विम्याला चार जोड दिले : पेरणीच न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान. यातले शेवटचे दोन वावराच्या पातळीवरचे. म्हणजे १९७२ चा वैयक्तिक विमा मर्यादित रूपात परत आला. गारपीट, भूस्खलन, रान जलमय होणं यासाठी सूचना द्यायची, मग पंचनामा. काढणी करून वाळायला पसरलेल्या पिकाला १४ दिवसांपर्यंत संरक्षण.

माझ्या बाबांना याचाच लाभ मिळायला हवा होता. सूचनेची मुदत तेव्हा ४८ तास होती. रान तीन दिवस पाण्यात, पूल बंद, आणि अशी काही सूचना द्यायची असते हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. नियम होता, पण तो आमच्यापर्यंत पोहोचला नाही. २०१८ मध्ये ही मुदत ७२ तास झाली. उशिरा भरपाई दिली तर १२ टक्के व्याजाची तरतूदही त्याच वेळी आली.

२०२० चा बदल मोठा होता. कर्जदारालाही विमा ऐच्छिक झाला. केंद्राने आपला हिस्सा जिरायत भागात ३० टक्के आणि बागायत भागात २५ टक्के हप्तादरापर्यंतच द्यायचं ठरवलं. आणि ते चार जोड ठेवायचे की नाही, हे राज्यांवर सोडलं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

त्याच वर्षी बीडमध्ये वेगळीच अडचण आली. विमा कंपन्या जिल्ह्यासाठी निविदाच भरेनात. मग 'बीड पॅटर्न' आला, ज्याला ८०-११० असंही म्हणतात. हप्ता १०० कोटी धरा. भरपाई १३० कोटी निघाली तर कंपनी ११० देणार, वरचे २० राज्य सरकार. भरपाई ६० निघाली तर कंपनीने २० ठेवून उरलेले २० सरकारला परत करायचे. कंपनीचा तोटा आणि नफा दोन्हीला कुंपण. २०२२ मध्ये हे राज्यभर लागू झालं.

२०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्राने एक रुपयात विमा दिला. शेतकऱ्याचा हिस्साही राज्यानेच भरला. आदल्या खरिपात एक कोटीच्या आत असलेले अर्ज दीड कोटींच्या पुढे गेले. सोबत सरकारी जागा, देवस्थानच्या जमिनी, दुसऱ्याचा सातबारा यांवर काढलेले बनावट अर्जही लाखोंनी सापडले. दांडेकरांच्या लेखातली जुनी भीती नव्या रूपात आली, एवढंच.

मे २०२५ मध्ये राज्याने एक रुपयाची योजना बंद केली. २, १.५ आणि ५ टक्क्यांचा हिस्सा परत आला. आणि २०२० ने दिलेला अधिकार वापरून चारही जोड काढले गेले. उरला फक्त पीक कापणी प्रयोगावरचा क्षेत्राचा विमा. चार महिन्यांनी, सप्टेंबरात, मराठवाड्यात आणि सोलापुरात अतिवृष्टीने लाखो हेक्टर पाण्यात गेलं. आम्ही २०१७ मध्ये जिथे होतो, तिथे एका निर्णयाने असंख्य घरं येऊन उभी राहिली. फरक इतकाच की आम्हाला नियम माहीत नव्हता, त्यांच्यासाठी तो नियमच उरला नव्हता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने आणखी एक बदल जाहीर केला : २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान आणि भाताचं जलमय होणं हे स्थानिक जोखमीत धरता येईल. भाताचं जलमय होणं २०१८ मध्ये वगळलं होतं, ते परत आलं. पण वन्यप्राण्यांसाठी राज्याने प्राण्यांची आणि जिल्ह्यांची यादी अधिसूचित करावी लागते. केंद्राने जाहीर केलं म्हणजे आपल्या तालुक्यात लागू झालं, असं होत नाही.

घरी सांगायच्या गोष्टी

तुमच्यापैकी अनेकांची घरं शेतीची आहेत. हे वाचून घरी एवढं सांगा :

१. दर हंगामात आपल्या राज्याचा शासन निर्णय बघा. कोणती जोखीम त्यात आहे आणि कोणती नाही, हे तिथेच कळतं. मागच्या वर्षीचा नियम यंदा असेलच असं नाही.

२. स्थानिक आपत्तीचं संरक्षण चालू असेल तर ७२ तासांच्या आत सूचना द्या, अॅपवर, हेल्पलाइनवर किंवा कृषी कार्यालयात. फोटो रानात उभं राहून, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून काढा. सूचनेचा क्रमांक लिहून ठेवा.

३. ई-पीक पाहणी आणि विमा अर्जातलं पीक, गट क्रमांक, क्षेत्र जुळलं पाहिजे. महाराष्ट्रात २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. बँक खातं आधारला जोडलेलं असू द्या.

४. कर्जदार असाल आणि विमा नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला लेखी कळवावं लागतं, नाहीतर हप्ता कापला जातो.

५. विम्याची भरपाई आणि सरकारी मदत वेगळ्या. अतिवृष्टीची मदत ३३ टक्के किंवा जास्त नुकसानीच्या पंचनाम्यावर मिळते, ती विमा नसला तरी मिळते. एकाचा पंचनामा झाला म्हणजे दुसऱ्याची सूचना झाली, असं समजू नका.

६. गावात पीक कापणी प्रयोग असेल तेव्हा तिथे हजर राहा. आयत कुठे आखला, वजन किती भरलं, ते बघा. त्या तासाभरात पूर्ण मंडळाची भरपाई ठरत असते.

आणि संशोधनाबद्दल

नियम बदलला की वर्तमानपत्रं विचारतात, "शेतकऱ्याला फायदा की तोटा?" संशोधकाने त्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हा नियम आधीच्या कुठल्या अडचणीचं उत्तर होता? ती अडचण गेली का? आणि नव्या नियमाची किंमत कोण मोजतो? १९७२ च्या योजनेची किंमत विमा महामंडळाने मोजली, १९८५ ची सरकारी तिजोरीने, १९९९ ची उशिरा येणाऱ्या पैशाने शेतकऱ्याने, आणि २०२५ ची ओढ्याकाठच्या रानाने.

यात अजून भरपूर काम बाकी आहे. आयत आखताना होणारी चूक आजच्या दबावाखाली किती आहे? मंडळाच्या आत ओढ्याकाठचं आणि माळावरचं रान वेगळं धरून उंबरठा काढता येईल का? उपग्रहाचा आकडा आणि वजनकाट्याचा आकडा वेगळा आला तर कुणाचं खरं मानायचं? संख्याशास्त्र, भूगोल, कायदा, अर्थशास्त्र, कृषी, कुठल्याही विषयाचे असा, यातला एखादा धागा तुमच्या हाताला लागेल.

मागच्या दिवाळीत बाबांना सोयाबीनचं वरचं गणित वहीवर मांडून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं, तिन्ही उत्तरं पुन्हा एकदा तपासली आणि विचारलं, "मग ओढ्याकाठचं रान वेगळं मोजायला किती माणसं लागतील?" त्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेच आहे.